साडेतीन कोयते

दसरा उलटला, सोयाबीनच्या मळणीची धूळ अंबाजोगाईच्या हवेत येऊन बसली आणि सहामाही परीक्षा तोंडावर आली, की माझ्या शिकवणीतल्या पोरांचे चेहरे उतरतात. उतरू देत. त्यांच्या आया मला जिन्यात गाठून सांगतात, "बाई, घरी सगळं येतं हो त्याला, परीक्षेतच काय होतं कळत नाही." मला कळतं. घरीही येत नसतं. घरी आई शेजारी बसून पुढची पायरी सांगत असते, एवढाच फरक.

काल संध्याकाळी मी एका पोराचा गृहपाठ त्याच्याच समोर धरला आणि विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, गणितं. मी म्हटलं, मला वाटलं किराणा दुकानातून चहापुडीला आलेला कागद आहे. बाकीची पोरं हसली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं. रडून गेलेल्या पोराचा समास दुसऱ्या दिवशी सरळ येतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे.

माझे नियम काही अवघड नाहीत. डावीकडं पट्टीनं समास, त्यात प्रश्नाचा क्रमांक, दुसरं काहीही नाही. आधी दिलंय काय ते लिहायचं, मग काढायचंय काय ते. एका ओळीत एकच पायरी आणि बरोबरचं चिन्ह वरच्या बरोबरच्या चिन्हाखाली. कच्चं काम उजव्या बाजूला चौकटीत, उघड. मागच्या पानावर काहीतरी खरडून पुढं नुसतं उत्तर आणून ठेवणाऱ्याला मी चोर समजते. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ. खोडरबरनं पान भोकाला आणायचं नाही, आठ गिरवून सहा करायचा नाही. उत्तराला एकक, उत्तराखाली दोन रेघा. आणि सगळ्यात शेवटी ताळा. म्हणजे आपलं उत्तर उचलायचं, परत प्रश्नात नेऊन ठेवायचं आणि प्रश्न ते घेतो का बघायचं. घेत नसेल तर तुमचं अक्षर मोत्यासारखं का असेना, उत्तर खोटं आहे. ताळा करताना पहिल्या वेळची आकडेमोड झाकून ठेवायची, नाहीतर डोळे तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतात. आणि इतकं करून एकदा पेन खाली ठेवून स्वतःला विचारायचं, असं होऊ शकतं का? माणसाची उंची वीस मीटर आली असेल तर कुठंतरी माती खाल्ली आहे.

हे नियम मी शोधले नाहीत. ते पट्टीसरांचे आहेत.

नेकनूरच्या पलीकडं आमचं गाव, गावाच्या कडेला पत्र्याची शाळा आणि शाळेला लागून कापसाचं रान. पट्टीसर बीडहून एसटीनं यायचे. पांढरा सदरा, खिशाला लाल आणि निळा असे दोन पेन, काखेत लाकडी पट्टी. त्या पट्टीनं ते फळ्यावर समास आखायचे आणि त्याच पट्टीनं आमच्या बोटांच्या पेरांवर मारायचे. आडवी नाही, उभ्या कडेनं. पण पट्टीचं कुणाला एवढं वाटायचं नाही. भीती होती ती त्यांच्या आवाजाची. ते गृहपाठ मोठ्यानं वाचून दाखवायचे, सावकाश, चुकीच्या जागी थांबत, आणि वर्ग हसायला लागला की आणखी सावकाश. वाचून झालं की वही खिडकीतून बाहेर. ती कापसात जाऊन पडायची आणि ज्याची असेल त्यानं जाऊन आणायची. ऑक्टोबरात बोंडं फुटलेली असतात, फुटलेल्या बोंडाची वाळकी टोकं हातापायांवर ओरखडे काढतात. आमच्या वर्गात कोण गणितात कच्चं आहे ते हातांवरून कळायचं.

माझ्या हातांवर काही नव्हतं. मी हुशार होते म्हणून नाही. माझे दादा, म्हणजे वडील, ऊसतोडीचे मुकादम होते आणि मुकादमाच्या पोरीची वही खिडकीतून फेकण्याइतके सर भोळे नव्हते.

माझ्या शेजारी काशी बसायची. तिचे हात पाहवत नसत.

काशीची शाळा दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला तुटायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जोडली जायची. मधले महिने ती आईबापाबरोबर सांगली-कोल्हापूरकडं कुठल्यातरी उसाच्या फडात असायची, धाकट्या भावाला सांभाळत. त्यामुळं तिला गणित यायचं, पण ते कसं मांडायचं हे ठाऊक नसायचं. मांडणी नेमकी त्या महिन्यांत शिकवली जायची. सरांनी फळ्यावर गणित घातलं, की ती खिडकीबाहेर बघत पुटपुटायची आणि आम्ही दिलेलं-काढायचं लिहीपर्यंत तिच्याकडं उत्तर तयार. मग ते उत्तर ती कुठंही लिहायची. समासात लिहायची, तारखेच्या शेजारी लिहायची. मी तिला म्हणायचे, "काशे, मार खाशील." ती म्हणायची, "उत्तर तर बरुबर हाय की." वेडी होती.

त्या वर्षी तिच्या आईची पिशवी काढली होती. आमच्या भागात बाया हे असं सांगतात, दात काढला म्हणून सांगावं तसं. ऑपरेशन झालं आणि तिला डोक्यावर मोळी उचलायची बंदी आली. आता इथं ज्याला ऊसतोडीचं माहीत नाही त्याला सांगायला हवं, की आमच्याकडं मजूर मोजायची रीत वेगळी आहे. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. त्याला भूक पूर्ण लागते, ऊन पूर्ण लागतं, पण टोळीच्या हिशेबात तो अर्धा. आणि अर्धा कुठल्याच मुकादमाला नको असतो.

काशीचे वडील गणपतकाका त्या वर्षी अर्धे झाले होते. त्यांच्या गल्लीतून तीन जोडपी निघणार होती आणि हे एकटे.

ते आमच्या अंगणात येऊन उकिडवे बसले होते ते मला दिसतं. दारात शेंगा वाळत घातलेल्या, त्यांच्या मातीचा वास, दादा खाटेवर. दादांचा आवाज कधी चढायचा नाही, त्याची गरजच पडायची नाही.

"अर्ध्याचं मी काय करू, गणपत? गाडी अर्धीच भरून जाती का?"

"ह्या सालाला घ्या की जमवून."

"थोरली पोरगी हाय की तुजी. उभी कर तिला. मोळी उचलती आता, अंगानं लई चांगली हाय."

"आठवीत हाय ती. शाळंतले म्हनतेत, गणित येतंय."

"कोन म्हनतंय?"

म्हणणारं कुणी नव्हतं. काशीनंच घरी सांगितलं असणार. मग गणपतकाका म्हणाले, "सरायला इचारतो. सर म्हनले हाय कायतरी पोरीत, तर तिला आईपाशी ठिवतो अन् मी अर्धा जातो कुनाच्याबी टोळीत. न्हाई म्हनले तर आनतो."

दादा हसले. "इचार की. इचारायला काय पैसे पडतेत?"

गणपतकाकांनी ते सगळं सरांच्या एका शब्दावर सोडून दिलं. मला आजही संताप येतो तो या भोळेपणाचा. बाप होतास ना? तुझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं का, पोर बाजारात भाजीवाल्याच्या आधी हिशेब सांगते ते? पण आमच्याकडं स्वतःच्या डोळ्यांवर कुणाचा विश्वास नसतो. पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसानं सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले तेव्हा गणिताचाच तास चालला होता. चपला बाहेर काढून दाराच्या चौकटीपाशी उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. शेजारच्या रानात बाया कापूस वेचत होत्या, त्यांचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. सरांनी त्यांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं. फळ्यावरची ओळ पूर्ण केली, पट्टीनं खाली दोन रेघा मारल्या, हात झटकले, मग म्हणाले, "बोला."

"सर, काशीचा बाप मी. एकच इचारायचं हुतं. पोरीत काई हाय का? आसंल तर ठिवतो मागं. न्हाई तर संगं नेतो."

सर खूश झाले. त्यांना बघणारं माणूस मिळालं की ते खूश व्हायचे. टेबलावर आदल्या दिवशीच्या गृहपाठाचा गठ्ठा होता, अजून तपासलेला नव्हता. त्यातून त्यांनी काशीची वही ओढून काढली. गणित साधं होतं: एका शेताची कापणी चौदा मजूर दहा दिवसांत करतात, तर तेवढीच कापणी वीस दिवसांत करायला किती मजूर लागतील?

"समास नाही," सरांनी वाचायला सुरुवात केली. "दिलेलं नाही. काढायचं नाही. पायऱ्या... पायऱ्या कशाला लागतात, आपण थेट माडीवर." वर्ग हसायला लागला. "आणि उत्तर काय म्हणतंय बघू. साडेतीन कोयते."

आता वर्ग फुटलाच. सरांनी थांबून ते हसणं पुरतं होऊ दिलं.

"मी विचारले मजूर, हिनं सांगितले कोयते. तेही साडेतीन. गणपतराव, तुम्ही जाणते आहात, मला समजावून सांगा. अर्धा कोयता कसा असतो हो? मूठ असते आणि पातं नसतं?"

गणपतकाकांना तो खरंच विचारलेला प्रश्न वाटला. त्यांनी मान हलवली आणि अगदी आदरानं उत्तर दिलं.

"आसतो की सर. मीच हाय ह्या सालाला."

तो वर्ग जसा हसला तसा पुन्हा कधी हसला नाही. बाकांवर हात आपटून हसला. सरांनी रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "घ्या. उत्तर स्वतःच चालत आलं."

काशी उभी राहिली. तिचा आवाज कापत नव्हता. "सर, ताळा जुळतोय. साडेतीन कोयते म्हंजी सात मानसं. सात गुणिले वीस एकशे चाळीस. चौदा गुणिले धा बी एकशे चाळीस."

"ताळा जुळला तरी एकक चुकलं, की शून्य. बस खाली." त्यांनी लाल पेन उघडला आणि पानभर शून्य काढलं, दोनदा गिरवलं. कागद फाटल्याचा आवाज मला ऐकू आला. मग गणपतकाकांकडं वळून, आता हसू आवरून, ते म्हणाले, "काय सांगू तुम्हाला? विचारलंय काय तेसुद्धा पोरीला वाचता येत नाही. बाकी तुमची मर्जी." आणि वही खिडकीतून बाहेर गेली.

ती आणायला या वेळी गणपतकाका गेले. कापूस वेचणाऱ्या बायांनी त्यांना विचारलं असेल, काय शोधता म्हणून.

मी गणित शिकवते, म्हणून मला हे म्हणायलाच हवं, की नियमानं सर बरोबर होते. प्रश्नात मजूर होते, उत्तर मजुरांत हवं होतं. आज माझ्यापुढं ती वही आली तरी मी एकक चुकल्याचा गुण कापेन, मांडणी नसल्याचा दुसरा कापेन आणि उरलेले देईन. रडली तर रडू देईन. पण त्या दिवशी सरांना गुण कुणी विचारले होते? बाप विचारत होता, पोरीत काही आहे का. त्या प्रश्नाला त्यांनी समासाचं आणि एककाचं उत्तर दिलं. विचारलंय एक आणि उत्तर भलत्याचंच, याला त्यांच्याच नियमानं काय मिळतं? आणि ते उत्तर परत प्रश्नात नेऊन ठेवायला ते कधी त्या फडात गेले नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग हा आहे. मारल्याचा नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या अंगणात टोळी मोजली गेली. काशी बापाच्या शेजारी उभी होती. खाली आईचं नेसण, वर शाळेचा पांढरा शर्ट, कारण मोळ्या उचलताना उसाच्या पाचटानं हात कापतात आणि पूर्ण बाह्यांचं तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. दादांनी एकेका जोडीकडं बोट केलं. शेवटचं बोट गणपतकाकांवरून काशीवर आलं आणि तिथंच थांबलं. "चार," दादा म्हणाले. "झालं बघ पुरं." माझ्या आईनं सगळ्यांना चहा दिला. काशीलाही बाकीच्या बायांसारखा, बिनकानाच्या कपात.

ट्रक चौसाळ्याच्या बाजूनं हायवेला लागायचा होता. डिझेलचा वास, भांडी, सरपण, पोती, एक शेळी आणि त्या सगळ्यावर माणसं. काशी माझ्याकडं बघेल असं मला वाटलं होतं. ती बघत होती शेळीचं दावं सुटतंय का ते.

सहामाहीच्या पेपराला अर्धे बाक रिकामे होते. सरांनी तरीही दोघांत एक बाक सोडून बसवलं, कॉपी होऊ नये म्हणून. पुढं एका कार्यक्रमात त्यांना शाल आणि नारळ मिळाला, गणिताची गोडी लावल्याबद्दल. काशीचं त्यानंतर दोनेक वर्षांत लग्न झालं, एकट्याच तोडीला जाणाऱ्या पोराशी. अर्धा आणि अर्धा मिळून एक. एवढं गणित आमच्याकडं कुणाचं चुकत नाही, आणि त्याला समास लागत नाही.

हे सगळं मी एवढ्या रागानं का काढून बसले आहे, तर गेल्या आठवड्यात काशी माझ्या दारात आली. नेकनूरहून एसटी पकडून, बरोबर पोरगी. मी दार उघडलं तेव्हा मला आधी तिचं डोकं दिसलं. मधोमध केस विरळ, इतक्या वर्षांच्या मोळ्यांनी घासून गेलेले. मग हात दिसले. ते मी कुठंही ओळखले असते.

"वळखलं का?"

"ओळखलं. आत ये. चप्पल आतच काढ, बाहेरच्या चोरीला जातात."

ती खुर्चीवर बसेना, खाली बसली. पोरगी भिंतीला टेकून उभी, दप्तराचा पट्टा खेळवत. मी चहा टाकला तोपर्यंत काशी भिंतीवरच्या फळ्याकडं बघत होती. मग तिनं सरळ विषयाला हात घातला.

"पूजा आठवीत हाय. माजा दीर ह्या सालाला एकटाच हाय, त्याची बायको बाळतीन. आमचे मालक म्हनतेत, पूजाला त्याच्यासंगं उभी करू. म्या म्हनलं, अंबाजोगाईत बाई हाय गणिताची, मुकादमाची लेक. तिला इचारते. तुजं नाव म्हाईत हाय त्यांला. तू म्हनलीस पोरीत कायतरी हाय, तर ती हितल्या वसतिगृहात ऱ्हाईल."

आणि तिनं पिशवीतून वही काढून माझ्यापुढं ठेवली.

मी इतक्या वर्षांत इतकी देखणी मांडणी पाहिलेली नाही. समास सरळ, दिलेलं, काढायचं, एका ओळीत एकच पायरी, बरोबरची चिन्हं एका रांगेत, कच्चं काम चौकटीत. मी विचारलं, कुणी शिकवलं? काशी म्हणाली, "म्या. काय काय न्हाई म्हनले हुते सर, ते समदं ध्यानात हाय माज्या."

आणि गणितं साफ चुकलेली होती. एक नाही, जवळजवळ सगळी. शेवटचं तर आमचंच होतं. चौदा मजूर, दहा दिवस. तेच काम वीस दिवसांत. पोरीनं दिवस दुप्पट म्हणून मजूरही दुप्पट केले होते. उत्तर अठ्ठावीस मजूर, एककासकट, खाली पट्टीनं दोन रेघा. त्याच्या खाली लिहिलं होतं, ताळा जुळला. आकडेमोड काही नाही, नुसते दोन शब्द. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी ती त्याच्या आईसमोर वाचून दाखवली असती, सावकाश. पोरगी हुशार नव्हती. निदान या वहीत तरी तसं कुठं दिसत नव्हतं.

"मंग?" काशी म्हणाली. "पोरीत काई हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "लई हाय."

काशीनं वही माझ्या हातातून घेतली. तिच्या जाड, चिरा पडलेल्या बोटानं ती ओळीओळीवरून खाली आली आणि त्या अठ्ठावीसवर थांबली.

"दिवस वाढले की मानसं कमी लागतेत. अठ्ठावीस कशे येतील? म्या कालच बघितलं हुतं हे."

मला आयुष्यात कुणी असं पकडलेलं नाही.

तिला राग आलेला नव्हता. तिनं चहा संपवला, कप धुवायला उठली, मी नको म्हटलं तरी धुतला. मग पदर सारखा करत म्हणाली, "सरायनी येवढंच म्हनायचं हुतं गं. तेवढ्यावर ऱ्हायले आसते मी." आणि पोरीला म्हणाली, "दप्तर ठिव हितं. मी मालकाला सांगून परवा कपडे घिऊन येते."

ती जिना उतरून गेल्यावर मी पूजाला समोर बसवलं, त्या अठ्ठावीसवर एक आडवी रेघ मारली आणि तिला विचारलं, काम तेवढंच, दिवस जास्त, तर माणसं वाढवतेस कशाला, तिथं जेवणावळ आहे का? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी थांबले नाही. पुन्हा मांड म्हटलं, पुन्हा चुकलं, पुन्हा मांडायला लावलं. खाली रस्त्यावरून तोडीचे ट्रक चालले होते, पोतीभांडी लादलेले, त्यांच्या आवाजानं काचा थरथरत होत्या. सात येईपर्यंत मी तिला उठू दिलं नाही.

सात आले तेव्हा तिनं नाक ओढत विचारलं, "बाई, काय लिहू? मजूर का कोयते?"

"विचारलंय काय?"

"मजूर."

"मग तेच लिही."

तिनं लिहिलं, पट्टी ठेवून खाली दोन रेघा मारल्या, वरची आकडेमोड तळहातानं झाकली आणि न सांगता ताळा करायला घेतला.